बोटभर उंच

संध्याकाळचा दिवा लावून हात जोडून झाले, की मी यांचा उजवा पाय मांडीवर घेत असे. मांडीवर धुतलेला टॉवेल, टॉवेलवर पाय, शेजारी ताटलीत कात्री, गॉजच्या घड्या, सलाईनची बाटली आणि चिकटपट्टी. हे आपले खुर्चीत मागे रेलून वर्तमानपत्र उघडून बसायचे.

“केलंस का सुरू?” थोड्या वेळाने पेपराआडून आवाज यायचा.

“झालंसुद्धा. पट्टी चिकटवतेय.”

“बघ! हात किती हलका आहे तुझा.”

माझा हात हलकाबिलका काही नाही. यांच्या तळपायाला काही कळतच नव्हतं. साखरेने आतल्या आत तिथली जाणीव केव्हाच नेली होती. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं, तरी हे रोज तेच म्हणत आणि मला रोज ते ऐकायला बरं वाटे.

यांचं केस कापायचं दुकान आहे. रस्त्याच्या वळणावर, औषधांच्या दुकानाला लागून. आत दोन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर नुसतं गप्पा मारायला आलेलं माणूस. लग्न होऊन मी आले तेव्हापासून पाहतेय, हे दिवसभर उभे. पाठ ताठ, कोपर वर, नजर गिऱ्हाइकाच्या दोन कानांच्या मधोमध. बसून काम करणाऱ्या माणसांची यांना मनापासून कीव येते.

जखम सापडली ती एका सकाळी. माझे दोन नेम आहेत. उठल्यापासून पूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा एक. रागात असताना तोंड उघडायचं नाही, हा दुसरा, तो दिवसभराचा. पहिला सोपा आहे. त्या सकाळी हे आंघोळ करून बाहेर आले आणि फरशीवर ओली पावलं उमटत गेली. डावी सगळी स्वच्छ. उजव्या प्रत्येक पावलात मात्र अंगठ्याच्या मुळाशी तांबूस ठिपका. मी हातातलं फूल खाली ठेवलं आणि फरशीकडे बोट दाखवलं.

“हो हो, पुसतो,” हे म्हणाले, आणि त्याच पायाने पायपुसणं ओढून त्याच पायाने फरशी पुसू लागले.

मी हात हलवते, डोळे मोठे करते, तशी यांची पुसायची घाई वाढते. शेवटी मी जाऊन पाऊलच धरलं तेव्हा कुठे थांबले. त्या दिवशी पूजा तशीच अर्धी राहिली. देव समजून घेतो, माणसालाच समजावून सांगायला वेळ लागतो.

हॉस्पिटलात पायांसाठी वेगळी खोली आहे. लांबट, भिंतीला लागून उंच खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीसमोर एक दिवा. तिथे माणसाच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, उजेड सगळा पायांवर. तिथल्या सिस्टर स्थूल, चष्मा कायम डोक्यावर सरकवलेला. त्यांनी नायलॉनचा एक बारीक धागा घेतला आणि यांना डोळे मिटायला सांगितले.

“टोचलं की बोला.”

“टोचलं.”

“काका, अजून मी लावलाच नाही.”

“मग लावा की. मी आपला तयारीत बसलोय.”

तळपायाला दहा ठिकाणी धागा लावला, एकाही ठिकाणी कळलं नाही. सिस्टर हसायच्या थांबल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलणं मोजकं. अंगठ्याखाली वर्षानुवर्षांचा घट्टा झाला होता, तो त्यांनी पात्याने अलगद तासला. खाली जखम निघाली. वरून शर्टाच्या बटणाएवढी, आत मात्र वाटीसारखी. हे छताकडे बघत होते.

“औषध मी देईन, पट्टी या करतील,” त्या म्हणाल्या. “पण ही जखम भरेल ती तिच्यावर वजन पडलं नाही तर. तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही तिच्यावरच चालत राहिलात. दुखलं असतं तर लंगडला असतात आणि केव्हाच बरे झाला असतात.”

“म्हणजे दुखणं चांगलं म्हणायचं?”

“चांगलंच. तुमच्याकडे ते नाही, म्हणून हा बूट.”

बूट राखाडी, पोटरीपर्यंत पट्टे, तळ होडीसारखा गोलसर आणि चांगला जाडजूड. पाय आत ठेवला की भार पुढच्या भागावर न येता सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटला जातो, असं सिस्टरनी समजावलं. घरात, रस्त्यात, दुकानात, पाऊल टाकायचं ते बुटातच. काढायचा तो झोपताना आणि पट्टी करताना.

निघताना यांनी सहज विचारल्यासारखं केलं. “समजा, अंगठा काढायची वेळ आली, तर उभं राहता येतं ना?”

“येतं. पण तोल नव्याने शिकावा लागतो. आणि मग भार दुसरीकडे जातो, तिथे नवी जखम होते. आपण तिथवर जायचंच नाही.”

रस्त्यात हे बूट टेकत टेकत चालले होते. वळणापाशी दुकानाचं बंद शटर दिसलं तसे थांबले.

“अंगठा गेला तर ते संपलं बघ,” म्हणाले. “आणि बसून कापा, असं तू म्हणू नकोस. बसून कापतात ती कणसं.”

त्या दिवसापासून सकाळच्या पूजेत मी यांच्या अंगठ्याचं नाव घेऊ लागले. मोठमोठी मागणी करायची मला सवय नाही. एवढंच म्हणायची, की हा माणूस उभा असतो तेव्हाच हा माणूस असतो, तेवढं बघ.

चहातली साखर यांनी एका दिवसात सोडली. गोळ्या वेळच्या वेळी. सकाळी माझं मौन चालू असताना हे बूट चढवून, पट्टे करकचून आवळून, ‘बघ बाई’ म्हणून पाय दाखवून दुकानात जात. दुपारी जेवायला बुटातच येत, संध्याकाळीही बुटातच. रक्तातली साखर उतरली. आणि जखम होती तिथेच. उलट कडा पांढऱ्या, फुगलेल्या दिसू लागल्या, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारख्या.

मी स्वतःलाच तपासत राहिले. हात नीट धुते ना? गॉज जास्त ओला राहतो का? पट्टी घट्ट होते का? साबण बदलला, टॉवेल उकळले, पट्टी करताना श्वाससुद्धा बाजूला सोडू लागले.

वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या रोज येऊन जखमेकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून जात.

“झाकून झाकून सडवलीस तू ती,” एक दिवस म्हणाल्या. “उघडी ठेव, हवा लागू दे. खपली धरेल.”

“सिस्टर म्हणाल्या, ओलावा राहू द्यायचा. कोरडी पडली तर कडा मरतात.”

“सिस्टर म्हणाल्या! आमच्या वेळी नव्हत्या असल्या सिस्टर. पडलो, फुटलो, माती लावली, पळालो.”

“तेव्हा यांना साखर नव्हती, वन्सं.”

“होती,” पेपराआडून हे म्हणाले, “पण डब्यात होती. आणि तो डबा ताईच संपवायची.”

“तू गप्प बस. तुझ्या पायाचं चाललंय, तुझं नाही.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, “तुझ्या देवाला सांग गं, जरा घाई करायला. माझा एकच भाऊ आहे.”

बोलणं तिखट असलं तरी डोळे पुसायला त्या स्वयंपाकघरात गेल्या, ते मी पाहिलं.

पुढच्या तपासणीला सिस्टरनी दिवा खाली ओढला आणि चिमट्याने जखम साफ करता करता म्हणाल्या, “थांबा हं.” चिमट्याच्या टोकाला काहीतरी होतं. नखाच्या कडेएवढं, काळं. माझ्या गॉजचा धागा राहिला की काय आत?

सिस्टरनी ते धुऊन पांढऱ्या कपड्यावर ठेवलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“केस आहे.” पुन्हा चिमटा आत गेला. “हा आणखी एक. हा पांढरा. आणि हा बघा, अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी.”

हे पुढे वाकले. इतका वेळ छताकडे बघणारा माणूस, पण केस म्हटल्यावर राहवलं नाही. “हा औषधवाल्याचा,” म्हणाले. “महिन्यातून एकदा रंगवतो. कोणाला सांगू नका म्हणतो, म्हणून सांगत नाही.”

सिस्टरनी चिमटा ताटलीत ठेवला.

“आणि काका,” सिस्टरनी विचारलं, “तो तुमच्या पायात काय करतोय?”

“केस उडतात हो. दुकानच आहे ते.”

डॉक्टरीणबाईंनी बूट उचलला. आतल्या गादीवरून बोट फिरवलं, मग नुसतं यांच्याकडे पाहिलं. गादी जवळजवळ नवीच होती. “कापलेल्या केसाचं टोक सुईसारखं असतं,” त्या म्हणाल्या. “मऊ पडलेल्या कातडीत सहज शिरतं. दुसऱ्या कोणाला टोचलं असतं, त्याने लगेच काढून टाकलं असतं. तुमच्या आत ते बसून राहतं आणि जखम भरू देत नाही.”

पायाचा एक्स-रे फोटो काढला. हाडाच्या टोकाशी धूसर दिसत होतं. हाडात जंतू शिरले असतील, नसतीलही. गोळ्या बदलून दिल्या. “पुढच्या वेळी जखम लहान झालेली नसली, तर अंगठा काढण्याचं बोलावं लागेल. लांबणीवर टाकलं तर मग एकट्या अंगठ्यावर भागणार नाही.”

घरी येईपर्यंत बूट टक टक वाजत होता.

पोटरीपर्यंत आवळलेल्या बुटात केस उडून शिरत नाही, हे मला तिथेच कळलं होतं. पण यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर यांना खोटं बोलावं लागलं असतं. इतक्या वर्षांत ती पाळी मी आणली नव्हती, आताही आणायची नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी कामाच्या ऐन गर्दीच्या वेळी मी दुकानात गेले.

आत साबणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. रेडिओ बारीक आवाजात. खाली कापलेल्या केसांचा थर, काळा, पांढरा, करडा. फळीवर टॉवेलांची चळत आणि पावडरचा डबा यांच्यामध्ये बूट उभा होता, पट्टे नीट लावलेले, जणू तोही नंबर लागायची वाट बघतोय. खुर्चीत यांचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त झालेले शाळामास्तर, अर्ध्या गालावर फेस. आणि हे दाराकडे पाठ करून मोज्यावर उभे. मोज्याला केस इतके चिकटले होते, की मोज्यानेच दाढी वाढवलीय असं वाटावं.

आरशात मी दिसले. वस्तरा हवेत थांबला.

“आलीस?”

मी दुसऱ्या रिकाम्या खुर्चीवर बसले आणि फळीवरचा बूट मांडीवर घेतला.

मास्तरांनी आरशातूनच नमस्कार केला. “वहिनी, बऱ्याच दिवसांनी.” थोडा वेळ गेला. “काहीतरी बोला हो. तुम्ही अशा बसलात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय, आणि तेही अभ्यास न करता.”

“तिचा नेम आहे,” हे म्हणाले.

“कसला?”

“रागात बोलायचं नाही.”

“मग राग जायला साधारण किती वेळ लागतो?”

“आज जेवण चुकेल असं दिसतंय.”

मी बुटाच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. यांनी वस्तरा ठेवला, हात पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक खुर्चीत असताना हे स्टुलावर बसले.

“पहिले तीन-चार दिवस घातला मी,” म्हणाले. “देवाशपथ घातला. मग या मास्तरांचे कल्ले कापले. डावा कानाच्या मध्यावर, उजवा पाळीपर्यंत. मला दिसलंच नाही! माझ्या डोळ्याला ते सरळच दिसत होतं.”

“घरी कोणी काही म्हणालं नाही,” मास्तर म्हणाले. “पण नात माझ्याशी मान वाकडी करून बोलायला लागली.”

“खुर्ची वर घेऊन पाहिली, खाली घेऊन पाहिली. खुर्ची वर-खाली होते गं, वाकडी होत नाही. वाकडा मी झालोय. एक पाय बोटभर उंच. मग कंबर तिरकी, खांदा तिरका, हात तिरका. इतकी वर्षं हात आपोआप सरळ जायचा, मला त्याला सांगावं लागलं नाही. आता मी सांगतो आणि तो ऐकत नाही. म्हणून आलो की काढून ठेवायचो. निघताना मोजा झटकून घालायचो.” हे खाली बघू लागले. “पाय वाचवायचा तो कशासाठी? इथे उभं राहायला ना? मग इथे वाकडं उभं राहून लोकांची डोकी बिघडवायची, तर वाचवून तरी काय करायचं?”

ऐकता ऐकताच माझा राग उतरला. मला वाटलं होतं की यांनी हलगर्जी केली, माझी पट्टी, माझे उकळलेले टॉवेल, सगळं वाऱ्यावर सोडलं. तसं नव्हतं. अंगठा जाईल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हाताची ओळख जाईल या भीतीने यांचा.

“मास्तरांचा साबण वाळतोय,” मी म्हणाले. “आधी ती दाढी करा. बूट घालून.”

“वहिनी, बूट घालून?” मास्तर सावरून बसले. “नाही, करा, करा. पण जपून हं. गळा एकुलता एक आहे.”

मोजा मी तिथेच काढला, पाय झटकून पुसला, डब्यातून नेलेला स्वच्छ मोजा चढवला आणि पट्टे बांधले. यांनी उरलेली अर्धी दाढी केली. मास्तर डोळे मिटून हातांनी खुर्ची घट्ट धरून बसले होते. रक्त निघालं नाही.

“डॉक्टरांना मी सांगणार नाही,” घरी जाताना मी म्हटलं. “तुम्ही सांगायचं.”

यांनी सांगितलं. डोकं खाली घालून, पण कल्ल्यांसकट सगळं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सिस्टरना हाक मारली. “यांच्या डाव्या बुटाला तळ दिला नव्हता का आपण?”

सिस्टर कपाटाकडे गेल्या, काही डबे हलवले आणि रबराचा एक जाड तळ घेऊन आल्या. नेहमीच्या बुटाला खालून पट्ट्याने बांधायचा. म्हणजे दोन्ही पाय सारखे उंच.

“हे त्याच दिवशी बघायला हवं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आमच्याकडून राहिलं. पण तुम्हीही बोलायला हवं होतं. माणूस वाकडा झाला हे जखमेत दिसत नाही.”

“आणि मोजा पांढरा घाला काका,” सिस्टरनी भर घातली. “राखाडी मोज्यावर रक्तही दिसत नाही आणि औषधवालेही दिसत नाहीत.”

दोन्ही बुटांवर उभे राहून हे खोलीभर चालले. दारापाशी वळून माझ्याकडे पाहिलं. “तुझे वडील म्हणाले होते ना, मुलगा बुटका आहे? बोलव त्यांना.”

वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी मला हसू आलं.

पण तिथून आम्ही दुकानात गेल्यावर यांनी कात्री उचलली आणि परत ठेवली. पाय सरळ झाले होते, हातावरचा विश्वास मात्र परतला नव्हता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यालाही.

“कोणावर तरी हात बसवून बघायला हवा,” हे म्हणाले. “पण लोकांच्या डोक्यावर प्रयोग कसा करायचा?”

मी उठले आणि मोठ्या खुर्चीत जाऊन बसले. वेणी सोडली.

“अगं, हे काय?”

“पाठीवर सरळ रेघ कापून दाखवा. कल्ले मला नाहीत, नाहीतर तेही दिले असते.”

यांच्या या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. ती जागा गिऱ्हाइकांची. यांनी गळ्याभोवती कपडा बांधला तेव्हा यांची बोटं गार होती. फवारा मारला, कंगव्याने केस विंचरून पाठीवर सरळ पसरले. मग बराच वेळ नुसतेच उभे राहिले. मी आरशात बघितलं नाही. मनातल्या मनात रोजचा जप सुरू केला, म्हणजे यांना माझे डोळे टोचायला नकोत.

कात्री चालली. थांबली. हे मागे सरकले.

“उजवीकडे बोटभर जास्त गेलं.”

“मग डावीकडे तेवढं घ्या.”

पुन्हा चालली. पुन्हा थांबली. “आता डावीकडे.”

“घ्या.”

“तुझे केस जातायत गं.”

“केस येतात. घ्या.”

तेवढ्यात वन्सं दारात. भावाचा डबा घेऊन आल्या होत्या. आधी खालचा ढीग पाहिला, मग मला. “अगो बाई! जखम त्याच्या पायाला आणि शिक्षा तुझ्या डोक्याला?”

“सरळ रेघ काढतायत,” मी म्हटलं.

“रेघ? आणखी चार रेघा काढल्या तर मानेशी येईल.” डबा ठेवून त्या माझ्या मागे आल्या, डोळे बारीक करून बघितलं. “अजून तिरकं आहे. किंचित. डावीकडे.” मग यांच्या खांद्यावर थाप मारली. “कापतोस कशाला घाबरून? लहानपणी माझी बाहुली कापलीस तेव्हा नव्हतास घाबरला.”

“ती ओरडली नव्हती.”

“हीसुद्धा ओरडणार नाही. हिचा नेम आहे.”

हे हसले. हसता हसताच कात्री चालली, आणि या वेळी मधे थांबली नाही. तिचा आवाजच वेगळा होता, एकसारखा, न अडखळणारा. मी डोळे उघडले. वन्संनी नुसतं बोटाने माझ्या पाठीवर आडवी रेघ ओढली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायला हे बाहेर रस्त्यावर गेले, ते दोन्ही बूट टकटकवत.

त्यानंतर दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये झाडू फिरू लागला. बूट फळीवर गेला नाही. पांढरा मोजा हे दर संध्याकाळी दिव्याखाली स्वतःच न्याहाळू लागले. पट्टी सोडताना मला दिसायचं, कडांचा फुगीरपणा उतरतोय, तळाशी लालसर, मऊ, दाणेदार असं काही वर येतंय. मी ते यांना सांगत नसे. सांगितलं आणि तपासणीत वेगळंच निघालं तर, या भीतीने. देवालाही फक्त ‘बघतोयस ना?’ एवढंच विचारत असे.

तपासणीच्या दिवशी हे खुर्चीत बसले आणि सवयीने छताकडे बघू लागले. डॉक्टरीणबाईंनी जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनाने कड काढली. मग मागच्या वेळचा कागद त्यावर ठेवून उजेडात धरला. आतला गोल बाहेरच्या गोलाच्या निम्माही नव्हता. मग नवा फोटो. तो त्यांनी इतका वेळ पाहिला, की माझा जप दोनदा चुकला.

“हाड शांत दिसतंय,” त्या म्हणाल्या. “अंगठा राहतोय.”

यांनी छतावरची नजर खाली आणली. मग म्हणाले, “मला बघायचाय.”

“काय?”

“पाय. जखम. मी अजून पाहिलीच नाही.”

मी चकित होऊन यांच्याकडे बघितलं. इतके दिवस मी यांचा पाय मांडीवर घेऊन बसले, मला वाटायचं पेपरात लक्ष आहे. सिस्टरनी भिंतीवरचा मुठीचा आरसा काढून माझ्या हातात दिला. मी तो तळपायामागे धरला.

“असा नाही,” हे म्हणाले. “तिरका. जरा खाली. फार जवळ धरलास, गिऱ्हाईक घाबरतं. हं, आता डावीकडे.”

आणि मग बघत राहिले. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस कापून झाल्यावर बघतात तसे, मान एका बाजूला घालून, अगदी बारकाईने.

“मला वाटायचं, फार मोठी असेल,” हळूच म्हणाले. मग थोड्या वेळाने, “सिस्टर, कडा तुम्ही कापता? छान सफाईने घेतल्यात.”

“दुकानात जागा असेल तर सांगा काका, मी येते.”

“दिवसभर उभं राहावं लागेल.”

“तुम्ही राहाल, पण बुटात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून पूर्ण भरायची आहे. भरली तरी हा पाय जन्मभर रोज बघायचा. जखम बुजते, पण बधिरपणा जात नाही.”

“बघू की,” हे म्हणाले. “आम्ही दोघं बघू.”

आरसा धरून माझा हात अवघडला होता, पण यांचं बघणं संपेना. शेजारच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, टाचेला पट्टी, पाय उजेडात, तोंड भिंतीकडे. त्या केव्हापासून ऐकत असाव्यात.

“झालं का हो तुमचं?” त्यांनी विचारलं. “झालं असेल तर तो आरसा जरा इकडे धरता? मलाही बघायचाय माझा.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. मी वळून आरसा त्यांच्या टाचेमागे धरला, आणि मागून हे सांगू लागले, “तिरका. जरा खाली. फार जवळ नको.”